इकॉनॉमिक्स घ्यावं की बिझनेस स्कूलचे कोर्स? ठरतच नाहीये

काठावर_पास

नमस्कार मंडळी. पहिलं वर्ष संपत आलंय आणि आता मेन विषय ठरवून फॉर्म भरायचाय, पण माझं काही केल्या ठरत नाहीये. आमच्याकडे इकॉनॉमिक्सचं डिपार्टमेंट वेगळं आणि बिझनेस स्कूल वेगळं, दोन्हींची ऑफिसं वेगळी, नियम वेगळे, आणि एकाकडे दुसऱ्याबद्दल विचारलं की "ते तिकडेच विचारा" एवढंच ऐकायला मिळतं. पहिल्या वर्षी इकोचे दोन्ही बेसिक कोर्स केले, मायक्रो आणि मॅक्रो, आवडले, म्हणजे डिमांड-सप्लायचे ग्राफ वगैरे काढायला मजा आली, मार्कही बरे पडले. बिझनेसचा एकच केला, मॅनेजमेंटची तोंडओळख टाइप, सोपा होता खरं तर, पण सगळा जीव ग्रुप प्रेझेंटेशनमध्ये गेला आणि ग्रुपात काम करणारे आम्ही दोघंच, बाकीचे शेवटच्या दिवशी टाय लावून हजर.

घरचे म्हणतात बिझनेस घे, नोकरी लगेच लागते. मित्र म्हणतो इको घे, त्याला वजन आहे. सीनियर म्हणतात काहीही घे, शेवटी इंटर्नशिपच बघतात. मला नक्की काय व्हायचंय विचाराल तर तेही धड माहीत नाही, कंपनीत काम करायला आवडेल, सरकारी धोरणं वगैरे वाचायलाही आवडतं, बँकेत किंवा कन्सल्टिंगमध्ये शिरता आलं तर सोन्याहून पिवळं. गणित बरं आहे, फार भारी नाही. दोन्हीत खरा फरक काय ते कुणी सांगेल का? सिलॅबस वाचला तर दोन्हीकडे मार्केट, कॉम्पिटिशन, रिस्क, प्रायसिंग असे सारखेच शब्द दिसतात.

रिकामा_रकाना

शब्द सारखे दिसतात कारण बराचसा माल एकच आहे, बघायची बाजू वेगळी. आणि आधी एक सांगतो, पहिल्या वर्षीच्या कोर्सवरून अजिबात ठरवू नकोस, कारण दोन्हीकडचा पहिला कोर्स पुढचा काहीच अंदाज देत नाही. इकोचा पहिला कोर्स म्हणजे ग्राफ आणि गोष्टी, दुसऱ्या वर्षीच्या इंटरमिजिएट मायक्रोत गोष्टी गायब होतात आणि लॅग्रांज (अट सांभाळून सगळ्यात जास्त किंवा कमी किंमत काढायची कॅल्क्युलसची रीत) घेऊन ऑप्टिमायझेशन करत बसावं लागतं. बिझनेसचा पहिला कोर्स म्हणजे गप्पा आणि स्लाइड्स, पण पुढे अकाउंटिंग, ऑपरेशन्स, फायनान्स आले की "सोपा होता" म्हणणारे गप्प होतात.

फरक कसा असतो ते एका उदाहरणाने सांगतो. समज एक कंपनी एक वस्तू 100 ला विकते आणि नगामागे तिला 50 खर्च येतो. सेल्सवाले म्हणतायत भाव 10 टक्के उतरवा, खप वाढेल. उतरवायचा का?

बिझनेस स्कूलच्या वर्गात याची सुरुवात अशी होते: आत्ता नगामागे 50 सुटतात, 90 ला विकलं तर 40 सुटतील, म्हणजे आहे तो नफा नुसता टिकवायला खप सव्वापट व्हायला हवा, 25 टक्के जास्त. मग पुढचा तासभर त्या 25 वर वादावादी. एवढं जादा गिऱ्हाईक येणार कुठून, समोरच्यानेही भाव पाडला तर काय, कारखान्यातून तेवढा माल निघेल का, स्वस्त केला म्हणून लोक माल हलका समजायला लागले तर काय, आणि एकदा उतरवलेला भाव परत चढवता येतो का.

इकोच्या वर्गात तोच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून येतो. मागणीची लवचिकता किती? समज 2 आहे, म्हणजे भाव 1 टक्का उतरला की खप साधारण 2 टक्के वाढतो. ही लवचिकता सगळीकडे तेवढीच धरली तर भाव 10 टक्के उतरवल्यावर खप साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास वाढेल, 25 ला पोचत नाही, सबब उतरवू नका. पण तिथे थांबत नाहीत ना, तुला सिद्ध करायला लावतात की लवचिकता 2 आणि नगामागे खर्च 50 असला की सगळ्यात जास्त नफ्याचा भाव बरोबर 100 च निघतो. आणि ते झालं की मास्तर विचारतात की हा 2 आकडा आला कुठून? कारण जुन्या हिशोबांवरून काढायला जावं तर गोची अशी की सणासुदीला मागणी वाढते म्हणून कंपनी भावही वाढवते, मग डेटात भाव आणि खप हातात हात घालून चढताना दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं भाव वाढवला की खप वाढतो! हा गुंता सोडवायचा कसा तिथून इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक प्रश्नांची उत्तरं काढायचं शास्त्र, चालू होतं, आणि माझ्या मते इकोच्या डिग्रीतला सगळ्यात विकला जाणारा भाग तोच आहे, ग्राफ नव्हे.

तर वरचं वाचताना तुझं डोकं आपोआप कुठे रेंगाळलं ते बघ. कारखान्यातून माल निघेल का इथे, की तो 2 आला कुठून इथे.

उंटावरून_शेळ्या

"गणित बरं आहे, फार भारी नाही" = बिझनेस घे. विषय संपला, धागा बंद करा.

रिकामा_रकाना

उंटावरून, बिझनेस स्कूलमध्ये गणित नसतं हे कुणी सांगितलं तुम्हाला? पोर्टफोलिओ थिअरी (रिस्क कमी राहील अशी गुंतवणूक कशी वाटायची) मार्कोविट्झने 1952 मध्ये मांडली, ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करायचा हक्क) प्रायसिंगचं ब्लॅक-शोल्स सूत्र 1973 चं, दोन्ही बिझनेस स्कूलच्या फायनान्समध्येच शिकवतात, आणि त्यात प्रोबॅबिलिटी, स्टॅट्स, कॅल्क्युलस सगळं येतं. गणित टाळायचंच असेल तर बिझनेसमध्ये ह्युमन रिसोर्स, मार्केटिंगचा काही भाग अशा वाटा आहेत, इकोमध्ये अशा वाटा फार कमी, एवढाच फरक.

खतावणी

रकानाभाऊंचं उदाहरण झकास आहे पण त्यात सगळे गिऱ्हाईक रोख पैसे देऊन जातात, खऱ्या धंद्यात तसं नसतं. मी अकाउंट्सची बाजू मांडतो कारण इथे दुसरं कुणी मांडणार नाही 😀

समज तू 100 चा माल विकलास पण उधारीवर, पैसे तीन महिन्यांनी येणार. तो माल घ्यायला तू 70 आजच मोजलेस. पुस्तकात नफा दिसतो 30 आणि बँकेतून गेले 70. आता खप दुप्पट झाला असं धर, सगळे टाळ्या वाजवतायत, नफा 60 दिसतोय आणि बँकेतून 140 गेलेत. धंदा वाढतोय आणि पगाराला पैसे नाहीत. अशा चांगल्या चालणाऱ्या, नफ्यातल्या कंपन्या नुसत्या रोकड आटली म्हणून बुडतात. इकोच्या बेसिक पुस्तकातली फर्म कधी अशी बुडत नाही, तिला उधारी नसते, थकबाकी नसते, तिचा मालाचा साठा गोदामात पडून कुजत नाही. ती फक्त उत्पादन करते आणि मार्जिनल कॉस्ट (आणखी एका नगाचा खर्च) बरोबर मार्जिनल रेव्हेन्यू (त्या नगाचं उत्पन्न) करून सुखाने झोपते.

म्हणून माझं मत असं की कंपनीत जायचं असेल तर बिझनेस घे, आणि नाही घेतलंस तरी फायनान्शियल अकाउंटिंगचा एक कोर्स कुठूनही गाठ. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि कॅश फ्लो ही तीन कागदं समोर ठेवल्यावर एकातला आकडा दुसऱ्यात कुठे जाऊन बसतो हे ज्याला दिसतं त्याला बँक काय, कन्सल्टिंग काय, कुठेही पहिल्या दिवसापासून काम देता येतं. डेबिट-क्रेडिट 1494 साली पाचोलीने छापून ठेवलंय, तेव्हापासून पद्धत तीच आहे, एकदा शिकलास की जन्मभर पुरतं. इकोवाले इथे हमखास लंगडे पडतात, "प्रॉफिट" म्हणताना त्यांच्या डोक्यात वेगळंच असतं, मालकाने स्वतःचा वेळ आणि पैसा दुसरीकडे लावला असता तर काय मिळालं असतं तेही ते वजा करून टाकतात. विचार म्हणून तेही बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही, पण टॅक्सवाले ते वजा करू देत नाहीत.

आणि टायवाल्यांबद्दल: ते नोकरीतही असतात. त्यांच्याकडून काम काढून घेणं हे शिकवायचा वेगळा कोर्स नाही म्हणून ग्रुप प्रोजेक्ट देतात अशी माझी समजूत आहे.

तळटीप

मी शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल, चालवून घ्या.

काठावर, तुझ्या मित्राचं "वजन" आणि घरच्यांचं "लगेच नोकरी" दोन्ही जरा बाजूला ठेव. या दोन्ही वाटांवरून मागे फिरणं सारखं सोपं नाही, हे मुलांना कुणी सांगत नाही. इको करून नंतर बिझनेसकडे जाणं सोपं आहे, कारण एमबीए मुळात कुठलाही विषय घेऊन आलेल्यांसाठी असतं, तिथे अकाउंटिंग पहिल्यापासून शिकवतात. उलट दिशेने यायचं, म्हणजे बिझनेस करून इकॉनॉमिक्सच्या मास्टर्सला, तर कॅल्क्युलसचे पुढचे कोर्स, लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी-स्टॅट्स हे सगळं प्रवेशाच्या आधीच झालेलं लागतं, आणि पीएचडीचा विचार असेल तर रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसच्या मागच्या सिद्धता) सुद्धा. बिझनेसच्या साच्यात हे कोर्स बसवायला जागा राहत नाही, त्यांचे स्वतःचेच कंपल्सरी कोर्स इतके असतात. तेव्हा ज्याचं ठरत नाहीये त्याने ज्या वाटेवरून वळता येतं ती आधी धरावी असं माझं स्पष्ट मत. ज्याचं ठरलंय, म्हणजे मला अकाउंटंटच व्हायचंय किंवा स्वतःचा धंदाच काढायचाय, त्याने उगाच इकोत वेळ घालवू नये.

दुसरं म्हणजे ही भांडणं डिपार्टमेंटच्या ऑफिसांची आहेत, विषयांची नाहीत. फामा (2013) आणि थेलर (2017), दोघांनाही नोबेल मिळालं इकॉनॉमिक्सचं, आणि दोघेही शिकागोला बिझनेस स्कूलमध्ये शिकवत होते. गंमत म्हणजे एकाच शाळेत फामा म्हणतो बाजारभावात सगळी माहिती आधीच उतरलेली असते आणि थेलर म्हणतो माणसं ठरलेल्या पद्धतीने चुकतात आणि ते भावात दिसतं. पोर्टरची फाइव्ह फोर्सेस (एखाद्या धंद्यात स्पर्धा किती ते पाच बाजूंनी बघायची चौकट), 1979 ची, बिझनेसच्या प्रत्येक स्ट्रॅटेजी कोर्समध्ये असते, ती सरळ इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन या इकोच्या शाखेतून आली आहे. फक्त त्याने प्रश्न उलटा केला. इकोवाले विचारत होते एखाद्या धंद्यात स्पर्धा कमी का असते आणि त्यात लोकांचं नुकसान किती, पोर्टरने विचारलं की स्पर्धा कमी आहे अशी जागा कंपनीने शोधायची कशी आणि टिकवायची कशी. एकाच नकाशावर पोलीस आणि चोर दोघांनी बोटं ठेवावीत तसं (कोण कुठला ते मी सांगत नाही).

तू धोरणं वाचायला आवडतात म्हणालास म्हणून अजून एक. किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या कमी होतात, हे तुला पहिल्या वर्षी ग्राफ काढून शिकवलं असेल. कार्ड आणि क्रुगर यांनी 1994 च्या पेपरात काय केलं तर न्यू जर्सीत वेतन वाढलं आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नाही वाढलं, तर हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या फास्ट फूडच्या दुकानांतली नोकऱ्यांची आधीची आणि नंतरची आकडेवारी ताडून बघितली. नोकऱ्या कमी झाल्याचं दिसेना. त्यावर पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली, डेटावर, पद्धतीवर, पण ही अशी भांडणं आकडे काढून करायला शिकणं म्हणजे इकोचं तिसरं वर्ष. कार्डना 2021 चं नोबेल मिळालं ते अशाच कामाबद्दल. हे वाचून "बरं मग?" असं वाटत असेल तर बिझनेस घे, मनापासून सांगते, त्यात कमीपणा काही नाही.

उंटावरून_शेळ्या

तळटीप ताई मग चोर कोण ते सांगूनच टाका 😂

काठावर_पास

बाप रे, एवढं सगळं. खूप आभार सगळ्यांचे, दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर मी "तो 2 आला कुठून" इथे जास्त अडकलो, आणि सणासुदीचं वाचून थोडा वेळ विचार करत बसलो की मग खरा आकडा काढणार तरी कसा. पण खतावणी दादांचं उधारीचं वाचूनही धस्स झालं, हे मला काहीच माहीत नव्हतं.

आता एक शंका. इको केलेल्याला इंटरव्ह्यूत विचारतात म्हणे "तुला येतं काय?", बिझनेसवाल्याकडे दाखवायला काहीतरी असतं, मार्केटिंग प्लॅन, व्हॅल्युएशनचं मॉडेल असलं काहीतरी. इकोवाला काय दाखवणार, लॅग्रांज?

दुपारची_शिफ्ट

मी नोकरीवर घेणाऱ्यांच्या बाजूला बसते, नवीन पोरं घेताना इंटरव्ह्यूत असते, म्हणून लिहिते. डिग्रीचं नाव अर्ज चाळताना बघतात, खोलीत आल्यावर कुणी बघत नाही. स्पेन्सने 1973 मध्येच म्हणून ठेवलंय की डिग्री हा बऱ्याच अंशी इशारा असतो, हा माणूस अवघड काम नेटाने पुरं करू शकतो एवढं मालकाला त्यातून कळतं, आत काय शिकला तो भाग वेगळा. त्या हिशोबाने चांगल्या मार्कांचं इको आणि त्यात गणिताचे दोनतीन जड कोर्स हा इशारा चांगला जातो. चांगल्या बिझनेस स्कूलचा इशाराही चांगलाच जातो, शिवाय त्यांच्याकडे कंपन्या कॅम्पसवर येतात, माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी असतात, ही त्यांची खरी ताकद आहे, कोर्सपेक्षा. तेव्हा तुमच्या कॉलेजात बिझनेस स्कूलच्या प्लेसमेंट इकोच्या मुलांना खुल्या आहेत का हे आधी विचार, काही ठिकाणी असतात, काही ठिकाणी दारातच आयडी बघतात.

दाखवायचं काय म्हणशील तर इकोवाल्याने एक पेपर दाखवावा. लहान चालेल. एक प्रश्न, एक डेटासेट, एक रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते डेटावरून मोजणं), आणि ते रिग्रेशन कुठे फसू शकतं याची स्वतः दिलेली यादी. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आलेला आकडा छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ येतात, "हा आकडा अमुक कारणाने चुकीचा असू शकतो" म्हणणारा क्वचित. स्प्रेडशीट सफाईने यायला हवी, आणि आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांतली एक. आणि काय केलंय ते एका पानात लिहिता आलं पाहिजे, आकडे न समजणाऱ्या माणसाला कळेल असं. बिझनेसवाली मुलं बोलायला तरबेज असतात, केस मेथडमध्ये (खऱ्या कंपनीचा प्रसंग घेऊन वर्गात चर्चा) बोलल्याचेच मार्क असतात त्यांना. इकोची मुलं बोर्डाकडे बघून बोलतात. तुला प्रेझेंटेशनचा कंटाळा आहे असं तुझ्या पहिल्या पोस्टवरून वाटतं, तो कंटाळा परवडणारा नाही, विषय कुठलाही घे.

खतावणी

+1. आणि बोलायची सवय फुकटात लागत असेल तर बिझनेसचे एकदोन केसवाले कोर्स इलेक्टिव्ह म्हणून घेच.

रिकामा_रकाना

त्यासाठी ऑफिसात जाऊन तीन गोष्टींची चौकशी कर, वेबसाइटवर विसंबू नकोस. बिझनेस स्कूलच्या कोर्सला बाहेरच्यांना सीट असतात का आणि त्या कधी उघडतात, कारण बहुतेक वेळा आधी त्यांची स्वतःची मुलं भरतात आणि उरलेल्या तुम्हाला. फायनान्सच्या कोर्सला आधी काय झालेलं लागतं, अकाउंटिंग नसेल तर आत घेत नाहीत असं असतं, म्हणजे साखळी आत्ताच सुरू केली नाहीस तर शेवटच्या वर्षापर्यंत हातात काही लागत नाही. आणि इकोचं स्टॅट्स त्यांच्याकडे मोजतात का, नाहीतर एकच विषय दोनदा करत बसशील.

आणि हो, वाचनालयात दोन्हीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका असतील त्या काढून बघ. सोडवू नकोस, नुसतं बघ की कुठला प्रश्न वाचून पेन उचलावंसं वाटतं.

काठावर_पास

अपडेट: जाऊन आलो दोन्ही ऑफिसांत. बाहेरच्यांना बिझनेसचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, देतात म्हणे, पण फायनान्शियल अकाउंटिंग आधी पास व्हायला लागतं आणि त्याच्या सीट इकोच्या मुलांना दुसऱ्या आठवड्यात उघडतात. प्लेसमेंटच्या कार्यक्रमांना मायनरवाले चालतात, हे ऐकून बरं वाटलं. जुने पेपरही बघितले. इंटरमिजिएट मायक्रोचा बघून घाम फुटला पण इकॉनोमेट्रिक्सचा एक प्रश्न होता, शिकवणी लावलेल्या मुलांचे मार्क कमी दिसतात तर शिकवणी वाईट म्हणायची का, तो तिथेच उभ्याउभ्या वाचत बसलो. ज्यांना कमी मार्क पडतात तेच शिकवणी लावतात, हाच तो गुंता ना?

तर मेजर इको आणि मायनर बिझनेस असा फॉर्म भरतोय. पुढच्या टर्मला इंटरमिजिएट मायक्रो, फायनान्शियल अकाउंटिंग आणि स्टॅट्स. चौथा कोर्स लिनिअर अल्जिब्रा घेऊ की मार्केटिंग? आणि स्टॅट्स इकोचं करू की गणित डिपार्टमेंटचं?

तळटीप

हो, तोच गुंता. स्टॅट्स गणित डिपार्टमेंटचं कर, पण आधी इकोच्या ऑफिसातून लेखी घे की ते चालेल, तोंडी नको, पुढच्या वर्षी तिथे बसणारा माणूस बदललेला असतो. लिनिअर अल्जिब्रा मायक्रोसोबत एकाच टर्ममध्ये घेऊ नकोस, तुझं तूच म्हणालास गणित फार भारी नाही म्हणून, त्याच्या पुढच्या टर्मला घे, इकॉनोमेट्रिक्सच्या आधी झालं म्हणजे पुरे. चौथा मार्केटिंग चालेल.

खतावणी

अकाउंटिंगच्या सीट उघडतील त्या दिवशी सकाळीच लॉगिन करून बस, दुपारपर्यंत संपतात.